रजोनिवृत्ति आणि शरीरांतील संप्रेरकें



आजच्या भाषणाचा विषय असा आहे कीं, घरांतील सर्व मंडळी एकत्र बसलेलीं असतांना तो निघाला तर कोणी तरी हळूच उठून रेडिओचा आवाज कमी करावा. स्त्रीच्या मासिक पाळीविषयीं पुरुषानें बोलूं नये, आणि बोलावयाचेंच झालें तर वैद्यानें बोलावें, असा आपल्याकडील संकेत आहे. मी वैद्य नाहीं. मुलांना गणित आणि शास्त्र शिकवून निवृत्त झालेला एक शिक्षक आहें. रोग बरा करणें हें माझें काम नव्हे. पण एखादी गोष्ट समजावून सांगण्याची मला आयुष्यभराची सवय आहे, आणि ही गोष्ट कोणी समजावून न सांगितल्यामुळें घरोघरीं नसते गैरसमज वाढतात, असें मीं पाहिलें आहे. पंचेचाळीस-पन्नाशीच्या सुमारास गृहिणी एकाएकीं चिडूं लागली, अपरात्रीं उठून बसूं लागली, ऐन थंडींत पंखा लावा म्हणूं लागली, तर कोणी तिच्या स्वभावास दोष देतो, कोणी नव्या सुनेच्या पायगुणास, तर कोणी ग्रहांना. तिच्या रक्तांत काय चाललें आहे याचा विचार कोणी करीत नाहीं. आणि पुष्कळदां तें तिलाही कोणी सांगितलेलें नसतें.

ही अवस्था आपल्या पूर्वजांना अपरिचित होती असें नाहीं. स्त्रीचें रज बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होतें आणि शरीर जरेनें पक्व झालें म्हणजे पन्नाशीस क्षय पावतें, असें सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत स्पष्ट सांगितलें आहे. पाश्चात्य वैद्यकांत या अवस्थेस जें नांव आज रूढ आहे, तें गार्डान नांवाच्या फ्रेंच वैद्यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं योजिलें. आपण तिला रजोनिवृत्ति म्हणतों. घरांतील बायका 'पाळी गेली' एवढेंच म्हणतात. शास्त्राची व्याख्या अशी कीं, लागोपाठ बारा महिने पाळी आली नाहीं आणि त्यास गर्भारपण, औषध अथवा दुसरा विकार कारण नाहीं, म्हणजे शेवटच्या पाळीस रजोनिवृत्ति झाली असें समजावें. अर्थात् ही गोष्ट घडते तेव्हां कळत नाहीं. वर्षभरानें मागचा हिशेब पाहिला म्हणजे कळते. युरोप-अमेरिकेंत तिचें सरासरी वय ५१ च्या आसपास आहे; भारतांत तें ४६ ते ४७ आहे. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांत ती एक-दोन वर्षें लवकर येते. चाळिशीच्या आंतच पाळी गेली तर ती अकाली समजून डॉक्टरांकडे जाणें अगत्याचें आहे. शंभरांतील सुमारें एका स्त्रीच्या बाबतींत तसें घडतें.

आतां संप्रेरक म्हणजे काय तें पाहूं. १९०२ सालीं लंडनमध्यें बेलिस आणि स्टार्लिंग या दोघां शास्त्रज्ञांना असें आढळलें कीं, आंतड्याच्या आंतल्या आवरणांतून निघालेला एक पदार्थ रक्तावाटे स्वादुपिंडाकडे जातो आणि त्यास पाचक रस सोडावयास लावतो. १९०५ सालीं स्टार्लिंगनें अशा पदार्थांना 'हॉर्मोन' हें नांव दिलें. मूळ ग्रीक धातूचा अर्थ चेतविणें, चालना देणें. आपला 'संप्रेरक' हा शब्द त्याच अर्थाचा आहे. मज्जातंतु हा तारेसारखा आहे. तो एका ठिकाणचा निरोप नेमक्या दुसऱ्या ठिकाणीं पोंचवितो. संप्रेरक हें दवंडीसारखें आहे. दवंडी साऱ्या गांवांत पिटली जाते, पण तिच्याशीं ज्याचा संबंध आहे तोच ती ऐकून कामास लागतो. स्त्रीच्या शरीरांतील ईस्ट्रोजेन या संप्रेरकाची दवंडी गर्भाशय आणि स्तन तर ऐकतातच. परंतु मेंदू, हाडें, रक्तवाहिन्या, त्वचा आणि मूत्राशय हींही ती ऐकतात. म्हणून ती मंदावली म्हणजे पाळीबरोबर आणखीही कित्येक गोष्टी बदलतात.

हें ईस्ट्रोजेन हातीं लागण्यास फार सायास पडले. १९२९ सालीं अमेरिकेंत डॉयसी यानें आणि जर्मनींत बुटेनांट यानें, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, त्याचा एक प्रकार गर्भवती स्त्रियांच्या मूत्रांतून शुद्ध स्वरूपांत वेगळा काढला. पुढें डॉयसीच्याच प्रयोगशाळेंत चार टन डुकरिणींच्या बीजकोशांतून त्याहून प्रबळ असा प्रकार मिळविला, तो भरला अवघा १२ मिलिग्रॅम! इतक्या सूक्ष्म मात्रेवर हा सारा संसार चालतो.

मुलगी जन्मास येते तेव्हां तिच्या दोन बीजकोशांत मिळून दहा ते वीस लक्ष अपक्व स्त्रीबीजें असतात. ती आईच्या पोटांत पांच महिन्यांची असतांना तर तीं साठ-सत्तर लक्ष होतीं. मुलगी वयांत येईपर्यंत तीन-चार लक्ष उरतात. पुरुषाचें शरीर नित्य नवें बीज तयार करतें. स्त्रीच्या बीजांची कणगी मात्र एकदांच भरते. यांतील पूर्णपणें पिकून बाहेर पडणारीं बीजें चारशें-पांचशेंच; बाकीचीं आपोआप जिरून जातात. कणगींत हजारभर किंवा त्याहूनही कमी बीजें उरलीं म्हणजे पाळी थांबते.

ही कणगी कोणाच्या हुकुमानें उघडते? मेंदूच्या तळाशीं हायपोथॅलॅमस नांवाचें एक केंद्र आहे आणि त्याच्या खालीं वाटाण्याएवढी पिट्यूइटरी, म्हणजे पोष ग्रंथि, आहे. केंद्राच्या सांगण्यावरून ही ग्रंथि दोन संप्रेरकें रक्तांत सोडते. एक बीजाभोंवतालची पुटिका वाढविणारें. डॉक्टर त्यास एफ्. एस्. एच्. म्हणतात. दुसरें एल्. एच्.; त्याच्या उसळीनें पिकलेलें बीज बाहेर पडतें. वाढणारी पुटिका ईस्ट्रोजेन तयार करते आणि त्यामुळें गर्भाशयाचें अस्तर जाड होतें. बीज सुटल्यावर त्याच रिकाम्या पुटिकेचा पिवळा पिंड बनतो व तो प्रोजेस्टेरॉन हें दुसरें संप्रेरक सोडून अस्तरास स्थिर ठेवतो. गर्भ राहिला नाहीं तर दोन आठवड्यांत पिंड सुकतो, दोन्ही संप्रेरकें उतरतात आणि अस्तर गळून पडतें. हीच पाळी. बीजकोश हुकूम ऐकतो तसा उलट निरोपही धाडतो. ईस्ट्रोजेन, तसेंच पुटिकांतून निघणारें इन्हिबिन नांवाचें संप्रेरक, हीं मेंदूला कळवितात कीं, 'काम चालू आहे. आतां हुकूम पुरे.'

चाळिशीच्या पुढें कणगी रिकामी होत आली म्हणजे पहिला फरक पडतो तो या उलट निरोपांत. पुटिका थोड्या, म्हणून इन्हिबिन थोडें. वर्ग ऐकत नाहीं असें वाटून मास्तरानें आवाज चढवावा, तसें पोष ग्रंथि करते, एफ्. एस्. एच्. वाढूं लागतें. या वेळीं पाळी बहुधा नियमित असते आणि बाईंना कांहींच जाणवत नाहीं. फार तर अठ्ठावीस दिवसांची पाळी चोवीस-पंचवीस दिवसांवर येते, कारण चढलेल्या आवाजानें पुटिका लवकर पिकतात.

दुसऱ्या पायरीवर कांहीं महिने बीज सुटतच नाहीं. बीज नाहीं म्हणून पिवळा पिंड नाहीं, पिंड नाहीं म्हणून प्रोजेस्टेरॉन नाहीं. म्हणजे प्रथम उणें पडतें तें प्रोजेस्टेरॉन. ईस्ट्रोजेन या काळांत कधींकधीं तरुणपणापेक्षांही वर चढतें आणि पुढच्याच महिन्यांत एकदम उतरतें. समईंतील तेल हळूहळू सरावें तसें तें संथपणें कमी होत जातें, ही समजूत बरोबर नाहीं. त्याची चाल वळवाच्या पावसासारखी असते, एक दिवस धो धो आणि मग आठ दिवस कोरडे. ईस्ट्रोजेननें अस्तर वाढविलें आणि तें सांवरावयास प्रोजेस्टेरॉन नसलें, म्हणजे पाळी दोन महिने चुकून तिसऱ्या महिन्यांत अतोनात जाते. स्तन दुखतात, डोकें दुखतें. हा संधिकाल साधारणपणें चार वर्षांचा असतो. कोणास एक, तर कोणास आठ. या काळांत रक्त एकदांच तपासून फारसें निष्पन्न होत नाहीं, कारण आजचा आंकडा तीन आठवड्यांनीं राहत नाहीं. पंचेचाळिशीच्या पुढें निदान करावयाचें तें पाळीच्या इतिहासावरून व लक्षणांवरून. म्हणून भिंतीवरील दिनदर्शिकेवर पाळीची तारीख मांडून ठेवण्याची संवय फार उपयोगी पडते. आणखी एक गोष्ट. बीज केव्हां सुटेल याचा नेम नसल्यानें या काळांत गर्भ राहूं शकतो, हें विसरतां कामा नये.

तिसरी पायरी खऱ्या उतरणीची. शेवटच्या पाळीच्या सुमारें दोन वर्षें आधीं ईस्ट्रोजेन उतरूं लागतें आणि नंतर दोनेक वर्षांनीं खालच्या पातळीवर स्थिरावतें. तरुणपणीं महिन्याच्या मध्यास रक्ताच्या एका मिलिलिटरांत २०० ते ३०० पिकोग्रॅमपर्यंत जाणारें प्रमुख ईस्ट्रोजेन आतां २०-३० च्या खालीं येतें, उलट एफ्. एस्. एच्. कित्येक पटींनीं चढतें. परंतु शरीर अगदींच रितें होत नाहीं. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथि आणि खुद्द बीजकोश हीं पुरुषी म्हटलीं जाणारीं संप्रेरकें थोड्या प्रमाणांत तयार करीतच असतात, आणि चरबींत त्यांचें रूपांतर ईस्ट्रोन या सौम्य ईस्ट्रोजेनांत होतें. टेस्टोस्टेरॉन तर पाळी गेली म्हणून एकदम घटत नाहीं. तें विशी-तिशीपासूनच हळूहळू कमी होत आलेलें असतें. पाळी गेली म्हणजे स्त्रीत्व संपलें, या समजुतीस शरीरशास्त्रांत आधार नाहीं.

आतां या पालटाचे परिणाम. अंगांतून वाफा येणें हा सर्वांत परिचित त्रास. मेंदूंत उष्णतेचें नियमन करणाऱ्या केंद्राजवळ कांहीं मज्जापेशी आहेत. ईस्ट्रोजेन त्यांना आवरून धरतें. तें कमी झालें कीं त्या अनावर होतात. एरव्हीं शरीराची उष्णता किंचित् वरखालीं झाली तर केंद्र तिकडे दुर्लक्ष करतें. आतां त्याची ती सोशिकता उरत नाहीं. अंशाच्या कांहीं दशांशानें उष्णता वाढली तरी, अंग फार तापलें, अशी वर्दी जाते. त्वचेच्या रक्तवाहिन्या उघडतात, मान आणि चेहरा लाल होतो, घामाच्या धारा लागतात, छाती धडधडते, आणि थोड्या वेळानें हुडहुडी भरते. थंडींत पंखा मागणारी बाई ढोंग करीत नसते. अमेरिकेंत पुष्कळ वर्षें चाललेल्या एका पाहणींत, वारंवार वाफा येणाऱ्या निम्म्या स्त्रियांना हा त्रास सात वर्षांहून अधिक काळ झाल्याचें आढळलें. रात्रीं तो झाला म्हणजे झोंपमोड होते, आणि रोज झोंपमोड झालेल्या माणसाची चिडचिड झाली तर त्यांत नवल तें काय? ज्यांना पूर्वीं नैराश्याचा विकार होऊन गेला आहे, त्यांना तो या काळांत पुन्हां होण्याचा संभव अधिक असतो. अशा वेळीं उपदेशाऐवजीं उपचार करावे.

कांहीं परिणाम मुकाट्यानें होतात. हाड ही मेलेली वस्तु नाहीं. तेथें जुनें खणून काढणाऱ्या आणि नवें भरणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी अहोरात्र राबतात. ईस्ट्रोजेन खणणाऱ्या पेशींना आवर घालतें. तें गेल्यावर पहिलीं कांहीं वर्षें मणक्यांतील हाडांचा भरीवपणा वर्षास शेंकडा दोनच्या आसपास घटतो. बॉस्टनच्या ऑलब्राइट या डॉक्टरानें १९४० च्या सुमारास हा संबंध प्रथम दाखविला. न्हाणीघरांत पाय घसरला आणि खुब्याचें हाड मोडलें, अशा कित्येक आजींच्या दुखण्याचें बीज वीस वर्षें आधीं पडलेलें असतें. याच सुमारास रक्तांतील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढतें व हृदयविकाराचें भय वाढूं लागतें. मूत्रमार्गाचें व योनीचें आवरण पातळ व कोरडें होतें. त्यामुळें जळजळ होते, लघवीस वारंवार जावें लागतें, पतिपत्नींच्या संबंधांत वेदना होतात. याविषयीं बायका सर्वांत कमी बोलतात, आणि हाच त्रास साध्या, त्या जागींच लावावयाच्या औषधानें बहुधा बरा होतो.

उपचारांचा इतिहास बोधप्रद आहे. १९४२ सालीं अमेरिकेंत गाभण घोड्यांच्या मूत्रांतून काढलेलें ईस्ट्रोजेन गोळ्यांच्या रूपानें विकावयास आलें आणि पुढें तें चिरतारुण्याचें औषध म्हणून खपूं लागलें. १९७५ सालीं असें दिसून आलें कीं, गर्भाशय असलेल्या स्त्रीनें नुसतें ईस्ट्रोजेन घेतलें तर अस्तराचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. म्हणून त्यास प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या औषधाची जोड देण्यांत आली. मग २००२ सालीं १६,६०८ स्त्रियांवर चाललेला मोठा अमेरिकन प्रयोग मध्येंच थांबविला गेला आणि स्तनांचा कर्करोग शेंकडा २६ नें वाढला, अशी बातमी जगभर झाली. लक्षावधि स्त्रियांनीं भिऊन औषधें टाकून दिलीं.

येथें मला माझें गणित आठवतें. शेंकडा २६ म्हणजे किती? औषध न घेणाऱ्या १०,००० स्त्रियांत वर्षाला ३० जणींना हा रोग होत होता; घेणाऱ्या १०,००० मध्यें ३८ जणींना झाला. म्हणजे दहा हजारांत आठ जणी अधिक. त्याच प्रयोगांत खुब्याचें हाड मोडण्याचें प्रमाण १५ वरून १० वर आलें. परंतु हृदयविकार, पक्षाघात व रक्ताच्या गुठळ्या यांचें प्रमाण थोडथोडें वाढलें. शिवाय त्या स्त्रियांचें सरासरी वय ६३ होतें. पन्नाशीच्या स्त्रीस तो हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाहीं. पुढील अभ्यासाअंतीं आज तज्ज्ञांचें साधारण मत असें कीं, वय ६० च्या आंत किंवा पाळी जाऊन दहा वर्षें झालीं नाहींत, त्रास फार आहे, आणि स्तनांचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा विकार अथवा कारण न कळलेला रक्तस्राव नाहीं, अशा स्त्रीस या उपचारापासून हानीपेक्षां लाभ अधिक होतो. त्वचेवर लावावयाच्या पट्टीनें गुठळ्यांचें भय गोळीपेक्षां कमी दिसतें. ज्यांना संप्रेरक चालत नाहीं त्यांच्यासाठीं वर सांगितलेल्या मज्जापेशींचा निरोपच अडविणारें फेझोलिनेटंट हें औषध २०२३ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. प्रत्येक स्त्रीनें औषध घ्यावें असें मुळींच नाहीं. पण भीतीपोटीं सोसावें असेंही नाहीं. तुलना आंकड्यांची करावी, आणि ती आपल्या डॉक्टरांसमोर बसून करावी.

आतां दोन इशारे. पहिला असा कीं, बारा महिने पाळी बंद राहिल्यानंतर रक्ताचा एक थेंब जरी दिसला तरी तो पाळी म्हणून समजूं नये. बहुतेक वेळां कारण किरकोळ निघतें. पण अशा सुमारें दहांतील एकीस गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असतो. माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, पाळी जाऊन तीन वर्षें झालीं होतीं. तिला दोनदां थोडेंसें रक्त दिसलें. तिनें फक्त शेजारणीस सांगितलें आणि तिनें तें थट्टेवारी नेलें. वर्षभरानें पोट दुखूं लागलें तेव्हां घरांत कळलें. तोंपर्यंत दुखणें गर्भाशयाबाहेर पसरलें होतें. हा रोग आरंभीं सांपडला तर बहुधा बरा होतो, आणि रक्त दिसणें हीच त्याची आरंभींची खूण आहे. अक्कास ती खूण दिसली होती. तिचा अर्थ मात्र आम्हां कोणासच ठाऊक नव्हता.

दुसरा इशारा घाईनें गर्भाशय काढून टाकण्याविषयीं. कांहीं विकारांत ती शस्त्रक्रिया अवश्य असते. पण पाळीची कटकट नको म्हणून ती करणें अनिष्ट आहे. बरोबर बीजकोशही काढले तर वर्षांचा पालट एका दिवसांत होतो, आणि हाडांचें व हृदयाचें नुकसान लवकर सुरू होतें. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांत राज्य सरकारच्या समितीनें ऊसतोड करणाऱ्या ८२,००० हून अधिक स्त्रियांची पाहणी केली. त्यांतील १३,००० हून अधिक जणींचें गर्भाशय काढलेलें होतें, आणि त्यांत चाळिशीच्या आंतल्या स्त्रियाही होत्या. कामाचा खाडा पडला कीं दंड, म्हणून पाळीच नको, असा त्यांच्यापुढील पेंच. आपल्या चहांतील साखरेचा त्यांच्याशीं संबंध आहे, एवढें तरी शहरांतील आपण मंडळींनीं ध्यानांत ठेवावें.

प्राणिसृष्टींत रजोनिवृत्तीनंतर दीर्घकाळ जगणाऱ्या माद्या फार थोड्या जातींत आढळतात. मनुष्याखेरीज किलर व्हेलसारखे कांहीं देवमासे त्यांत मोडतात. तेथें वृद्ध मादी कळपाच्या पुढें राहून अन्नाची वाट दाखविते, आणि आजी जिवंत असलेलीं पिल्लें अधिक जगतात. ज्या घरांत आजी आहे त्या घरास हें निराळें सांगावयास नको.

शेवटीं घरांतील पुरुषांस चार शब्द. या काळांत आहारांत दूध, तीळ, नाचणी असावी. उन्हांत रोज अर्धा तास चालणें हाडांस हितकर आहे, आणि तें दोघांनीं मिळून केलें तर अधिक नियमानें होतें. रात्रीं ती उठून बसली तर खिडकी उघडून द्या, आणि सकाळचा चहा एखाद्या दिवशीं तुम्हीं करा. आणि आपल्या घरांतील आई, पत्नी, बहीण यांना एवढेंच विचारून ठेवा कीं, पाळी जाऊन किती दिवस झाले, आणि त्यानंतर कांहीं दिसलें काय? प्रश्न विचारतांना क्षणभर संकोच वाटेल, तरी विचारावा.